पंधराचं ॲव्हरेज अठरावर आणलं : बेळगाव–संकेश्वर रस्त्यावरची वही

अनगोळचा_वहीवाला

नमस्कार मंडळी. गाडी २०१६ची, बाराशे सीसी, पेट्रोल, गिअर हातानं बदलायचे. आठवड्यातून तीनदा अनगोळहून संकेश्वरला जाणं-येणं, म्हणजे दिवसाला शंभरेक किलोमीटर. दोन वर्षांपूर्वी गाडी लिटरला जेमतेम पंधरा किलोमीटर देत होती. जो तो म्हणायचा, जुनी झाली, आता एवढंच देणार. मग मी वही सुरू केली. दर वेळी एकाच पंपावर ऑटो कटपर्यंत, म्हणजे नोझल आपोआप बंद होईपर्यंत, टाकी भरायची, किलोमीटर लिहायचे, लिटर लिहायचे आणि भागायचं. डॅशबोर्डवरच्या आकड्याकडे मी बघत नाही. तो स्थळ आणणाऱ्या मध्यस्थासारखा असतो, थोडं चढवूनच सांगतो.

आज वही अठरा दाखवते. गाडी तीच, रस्ता तोच.

सगळ्यात जास्त फरक वेगानं पडला. काकती मागे पडलं की पूर्वी माझी सुई शंभरावर चिकटायची, आता ऐंशीला ठेवतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ऐंशीचे शंभर केले की तो दीडपटीहून जास्त होतो. वेळेचा हिशेबही केला. माझ्या वाटेत हायवेचा चाळीस किलोमीटरचा पट्टा आहे. शंभरानं चोवीस मिनिटं, ऐंशीनं तीस. वाचलेली ती सहा मिनिटं मी संकेश्वरात चहाच्या गाड्यावर उभा राहून घालवतच होतो.

दुसरं, टायरमधली हवा. दाराच्या खांबावर हवा किती भरायची त्याचा स्टिकर असतो तो मी आठ वर्षांत वाचला नव्हता. पंपावरचा पोरगा ‘किती भरू?’ विचारायचा आणि मी ‘भर की नेहमीची’ म्हणायचो. आता पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी, टायर थंड असताना.

तिसरं, टपावरचा कॅरिअर. दोन दिवाळ्यांपूर्वी सामान न्यायला लावला होता, तो रिकामाच वारा खात फिरत होता. उतरवला.

बाकी पायाची सवय. वंटमुरी घाटात पुढे ट्रक दिसला की आधीच पाय काढायचा, शेवटी ब्रेक दाबायचा नाही. ब्रेक दाबला म्हणजे आधी जाळलेलं पेट्रोल चाकात उष्णता करून सोडून दिलं.

आता हे सगळं कशासाठी? एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पेट्रोलचं वजन लिटरला पाऊण किलो, मग धूर सव्वादोन किलोच्या वर कसा, असं मला मुलीनं विचारलं होतं. पेट्रोलमधल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो, त्याचं वजन धरून. म्हणजे ॲव्हरेज वाढवणं हे खिशाचं काम आहे तसंच डोक्यावरच्या हवेचंही. तुमचे अनुभव लिहा.

निपाणीकर

झकास धागा. टाकी टू टाकी हीच खरी पद्धत. फक्त एक टाकी मोजून निष्कर्ष काढू नका, चार-पाच टाक्यांची सरासरी घ्या. ऑटो कट प्रत्येक नोझलचा वेगळा, आणि पंपाची जमीन उतरती असली तरी लिटरभराचा फरक पडतो.

आमच्याकडची गंमत सांगतो. इकडे कर्नाटकात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा लिटरला एक-दोन रुपयांनी स्वस्त म्हणून कोल्हापूरकडच्या एमएच-०९च्या गाड्या सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडच्या पंपांवर रांग लावून असतात. जाता जाता भरलं तर ठीक. पण आमचे एक पाहुणे कोल्हापुरातून फक्त टाकी भरायला यायचे. जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर, म्हणजे तीन लिटर जाळायचे आणि पस्तीस लिटरवर सत्तर रुपये वाचवायचे. वर आमच्या घरी जेवायचे ते वेगळंच.

घाटवेडा

एवढं कशाला करायचं? मी चोर्ला घाटात माथ्यावरून न्यूट्रल मारतो ते थेट गोव्यातल्या केरीपर्यंत. पेट्रोल शून्य. गोवा ट्रिपला बावीस काढलंय.

उद्यमबाग_पाना

घाटवेडा साहेब, असलं काय बी करू नका. आणि पेट्रोल शून्य नाही पडत. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ऱ्हायला पेट्रोल पितंयच की. त्यापेक्षा गिअरमध्ये ऱ्हावा, ॲक्सिलेटरवरनं पाय काढा. आताच्या इंजेक्टरवाल्या गाड्या तवा पेट्रोल बंदच करत्यात. चाकं इंजिन फिरवत्यात, इंजिन चाकाला नाही. म्हंजे उतारावर खरं शून्य गिअरमध्येच हाय, न्यूट्रलमध्ये नाही.

दुसरं, न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर. चोर्ल्याच्या उतारावर लायनर तापून वास मारत आलेल्या गाड्या मी उघडल्यात. एकाचं पेडल जमिनीला टेकत होतं. कणकुंबीच्या पावसात तर विचारू नका.

घाटवेडा

इंजेक्टरच्या आधी, कार्ब्युरेटरच्या जमान्यात वडील असंच चालवायचे. आम्ही त्यांच्याकडून शिकलो.

उद्यमबाग_पाना

तवा बरोबर होतं. थोडं तरी. आता नाही.

मोजपट्टी

वहीवाले, कंपनीचा आकडा तुमच्या गाडीसाठी वीसच्या वर असेल. तो आणि आपला कधीच का जुळत नाही, हे लोक नेहमी विचारतात म्हणून लिहितो. ती चाचणी रस्त्यावर होत नाही. प्रयोगशाळेत गाडी रोलरवर ठेवतात, ठरलेल्या वेळापत्रकानं वेग कमी-जास्त करतात, वेग नव्वदच्या पुढे जात नाही आणि एसी बंद असतो. त्यात वंटमुरीचा चढ नाही, खडे बाजारातली दुपार नाही, मागच्या सीटवर सासू-सासरे नाहीत. तो आकडा दोन गाड्यांची तुलना करायला चांगला. आपल्या गाडीकडून तेवढाच मागणं म्हणजे जाहिरातीतल्या भजीसारखी भजी घरी मागणं.

दुसरा एक हिशेब. २०२२-२३ पासून आपल्याकडे कंपनीनं विकलेल्या सगळ्या गाड्यांची सरासरी किलोमीटरला साधारण ११३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या आत हवी, असा नियम आहे. २.३ किलोला ११३ ग्रॅमनी भागा, साधारण वीसचं ॲव्हरेज येतं. तुमचं अठरा म्हणजे १२८ ग्रॅम. पंधराला ते १५३ होतं. फरक छोटा नाही.

अनगोळचा_वहीवाला

१५३चे १२८! हे मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवतो. धन्यवाद.

चिकोडीचा_ऊस

पण सगळं ॲव्हरेज गेलं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या वीस टक्के इथेनॉलमुळं, हे कोणी का बोलत नाही?

मोजपट्टी

बोलतो की. इथेनॉलमध्ये त्याच आकारमानाच्या पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्के मिसळलं की कागदावर सहा-सात टक्के ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातही जुन्या चारचाकींसाठी असाच सहा-सात टक्क्यांचा अंदाज दिला होता. म्हणजे अठराच्या गाडीत एक किलोमीटर गेला समजा. ‘सगळं’ ॲव्हरेज गेलं नाही. तुमच्या टायरमधली हवा इथेनॉलनं नेलेली नाही.

आणि वहीवाले, तुमचे २.३ किलो निव्वळ पेट्रोलचे आहेत. वीस टक्के इथेनॉल धरलं तर नळीतून निघणारा वायू लिटरला २.१५च्या आसपास येतो. शिवाय इथेनॉलचा कार्बन उसानं हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून तो वेगळा धरतात.

चिकोडीचा_ऊस

आता ऐका मग शेतकऱ्याचं. माझाच ऊस कारखान्याला जातो, त्याचं इथेनॉल होतं, ते माझ्याच गाडीत येतं आणि माझंच ॲव्हरेज घटतं. तक्रार नाही, बिल मिळतं तोवर. पण उसानं हवेतला कार्बन घेतला असं म्हणताना मोटर कोण चालवतं ते बघा. कृष्णेचं पाणी उचलायचं तर वीज लागते. युरिया लागतो. तोडणीनंतर पाचट पेटवलं तर आमच्या शिवारात दोन दिवस डोळे उघडत नाहीत. ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या कारखान्याच्या दारात रात्रभर रांगेत असतात, सगळ्या डिझेलवर. हे धरल्याशिवाय इथेनॉल हिरवं म्हणू नये, असं माझं मत. उलट पाचट कुजवलं तर त्याच उसाचा हिशेब बराच सुधारतो. मी तीन वर्षं पेटवलेलं नाही.

धागा_राखणदार

ऊसदराचा विषय इथे सुरू होण्याआधीच सांगतो, त्याला वेगळा धागा आहे. बेळगाव म्हणायचं की बेळगावी, त्यालाही.

खानापूरची_लेक

वहीवाले काका, छान लिहिलंय. एक विचारू का? वहीत तुम्ही दर टाकीला किलोमीटर आणि लिटर दोन्ही लिहिता. मग वर्षाला एकूण लिटर किती भरले? पंधराच्या वर्षी किती आणि अठराच्या वर्षी किती? धूर लिटरनं होतो ना, भागाकारानं नाही.

अनगोळचा_वहीवाला

बेरीज कधी केली नव्हती. आज रात्री करतो.

निपाणीकर

बाईंनी बरोबर जागी बोट ठेवलं. पळा वहीवाले.

टिळकवाडीचा_आळशी

बेरीज होईपर्यंत माझा प्रश्न. मी गावातच फिरतो. घर ते गोगटे सर्कल, तिथून गणपत गल्ली, परत. गाडी फक्त अकरा देते. नायट्रोजन भरू का? एकानं पेट्रोलच्या पाइपला लावायचं मॅग्नेटही सांगितलंय, म्हणे वीस टक्के वाढतं.

उद्यमबाग_पाना

मॅग्नेट लावून वीस टक्के वाढलं असतं तर गाडी कंपनीनंच लावून दिलं असतं की हो. पैशे वाया घालवू नका. नायट्रोजननं ॲव्हरेज वाढत नाही, हवा जरा हळू उतरते एवढंच. साधी हवा वेळेवर भरली की झालं.

तुमचं दुखणं वेगळं हाय. दोन किलोमीटर जाताय, बंद करताय, परत दोन किलोमीटर. इंजिन गरमच होईना. थंड इंजिनाला गाडीतला कंप्युटर जास्त पेट्रोल पाजतोय, ऑइलबी जाड ऱ्हातंय. सगळी कामं एका फेरीत करा. नाहीतर सरळ चालत जावा, टिळकवाडीतनं गोगटे सर्कल काय लांब हाय व्हय?

टिळकवाडीचा_आळशी

नाव बघा माझं.

अनगोळचा_वहीवाला

आळशीबुवा, दुसऱ्या रेल्वे गेटवर तरी इंजिन बंद करत जा. छोटं इंजिन उभ्या उभ्या तासाला अर्धा-पाऊण लिटर पितं, एसी लावला तर आणखी. गेट पडलं की सात-आठ मिनिटं ठरलेली. मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू दे. गेट पडलेलं त्यालाही दिसतंय.

बेरीज अजून चालू आहे. मधली दोन पानं चहानं चिकटली आहेत.

काकतीचा_ट्रान्सपोर्टवाला

मी ट्रकचं सांगतो. आमच्याकडं ॲव्हरेज ड्रायव्हरच्या पायात असतं, गाडी निमित्त. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या, एकच माल, बेळगाव–पुणे एकच रस्ता, आणि दोन ड्रायव्हरमध्ये अर्ध्या किलोमीटरचा फरक. ट्रकला अर्धा म्हणजे केवढा ते हिशेब करा. चांगला ड्रायव्हर तवंदी घाट चढायच्या आधीच गिअर ठरवतो. कच्चा मधेच अडकून, गिअर पाडून, काळा धूर सोडत चढतो. डिझेलचा एक लिटर म्हणजे २.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, असं मुलानं सांगितलं. काळा धूर त्याच्यावर वेगळा.

अनगोळचा_वहीवाला

मंडळी, बेरीज झाली. रात्री दीड वाजता दोनदा तपासली.

पंधराचं वर्ष : १६,८०० किलोमीटर, १,१२० लिटर.
अठराचं वर्ष : २०,७०० किलोमीटर, १,१५० लिटर.

म्हणजे वर लिहिलेला धागा मी ज्या वर्षाच्या कौतुकानं काढला, त्या वर्षी मी तीस लिटर जास्तच जाळलं.

आधी वाटलं लिहिताना चूक झाली. मग एकेक पान उलटत किलोमीटर कुठे गेले ते शोधलं. पूर्वी पंधरा दिवसांतून एकदा मी संकेश्वरला बसनं जायचो, गाडीला आणि मला विश्रांती म्हणून. अठराचं ॲव्हरेज आल्यावर ‘आता काय, गाडी परवडते’ म्हणून बस सोडली. त्यात अडीच हजार गेले. चोर्ल्यानं गोव्याच्या चार फेऱ्या, हजारेक. आधीच्या वर्षी एकही नव्हती. उरलेले चारशे फुटकळ, कुंदा आणायला गाडी, न्हाव्याकडे गाडी.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘स्वस्त झालं की साखर जास्त पडते.’ ती चहाबद्दल बोलत होती की गाडीबद्दल, मी विचारलं नाही.

खानापूरची_लेक

काका, तुम्ही खरा आकडा टाकलात, हे कमी लोक करतात. पाण्याचंही असंच होतं. ठिबक केलं म्हणून पाणी वाचतं खरं, पण मग त्याच विहिरीवर आणखी दोन एकर ऊस लागतो.

माझं सांगते. जून २०२३ मध्ये कर्नाटकात शक्ती योजना आली आणि आम्हा बायकांना साध्या बसचं तिकीट माफ झालं. मी रोज खानापूर–बेळगाव करते. त्याआधी आम्ही चौघी मिळून एकीची गाडी काढायचो, पेट्रोल वाटून घ्यायचो. ती गाडी आता दारात उभी असते. गर्दी? विचारू नका. सकाळी आठच्या बसला पाय ठेवायला जागा नसते आणि कंडक्टर रोज तेच ओरडतो, ‘मुंद होगरी!’ आम्हीही कानडीतच उत्तर देतो, पुढे जायला जागा असली तर जाऊ ना. पण माझं लिटरचं खातं रिकामं आहे. ॲव्हरेज विचारलंत तर ते माहीत नाही.

निपाणीकर

चौघींनी मिळून गाडी, तेही वाईट नव्हतं. अठराच्या गाडीत एकटा माणूस आणि बाराच्या जुन्या जीपमध्ये सहा जण, यात कोण जास्त हिरवा ते सांगा. वहीत ‘माणसं किती’ हाही रकाना हवा.

घाटवेडा

म्हणजे आता गोव्याला जायचंच नाही का? असं झालं तर पृथ्वी वाचून काय उपयोग.

चिकोडीचा_ऊस

जा की. चार माणसं भरून जा. आणि गिअरमध्ये उतरा.

मोजपट्टी

वहीवाल्यांची मेहनत वाया गेली असं कुणी समजू नका. २०,७०० किलोमीटर त्यांनी पंधराच्या ॲव्हरेजनं केले असते तर १,३८० लिटर लागले असते. दोनशे तीस लिटर वाचलेच. फक्त ते वाचवून त्यांनी गोव्यात आणि हायवेवर खर्च केले. दोन्ही आकडे खरे आहेत. कुठला सांगायचा, ते कशासाठी मोजताय त्यावर. खिशाचा प्रश्न असेल तर ॲव्हरेज. हवेचा असेल तर लिटर.

उद्यमबाग_पाना

वहीवाले साहेब, एक विचारायचं ऱ्हायलं. सकाळी घरातनं निघाल्यावर तापमानाची सुई मध्यावर कवा येते?

अनगोळचा_वहीवाला

मध्यावर? काकती येईपर्यंत खालीच असते. पावसाळ्यात तर वंटमुरीचा चढ लागेपर्यंत. मला वाटायचं गाडी थंड राहते म्हणजे तब्येत चांगली.

उद्यमबाग_पाना

तेच वाटलं हुतं मला. कुणीतरी थर्मोस्टॅट, म्हंजे इंजिन गरम होईस्तोवर पाणी अडवणारा वॉल्व, काढून टाकलाय. गाडी कवा तापली होती का? तापली की काही मेस्त्री काय करत्यात, पंखा, रेडिएटर बघायच्या ऐवजी थर्मोस्टॅटच काढून फेकत्यात. पाणी सारखं फिरतंय, गाडी तापत नाही, गिऱ्हाईक खूश. पण इंजिन गरमच होत नाही आणि कंप्युटर त्याला थंडीची वेळ समजून पेट्रोल पाजत ऱ्हातोय. ज्यादा जळतंय, धूर ज्यादा, इंजिनाची झीजबी ज्यादा. अनगोळ ते काकती म्हंजे दहाबारा किलोमीटर. एवढ्यात सुई कवाच वर याय पायजे होती.

अजून एक. घरी पोचल्यावर चारी चाकांजवळ हात नेऊन बघा, चिकटवू नका, भाजंल. एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर ब्रेक धरून ऱ्हातोय. पावसाळ्यानंतर ह्ये लै बघतो मी. हँडब्रेकची केबल गंजती, ब्रेकच्या कॅलिपरची पिन जाम होती. माणूस ब्रेक दाबून गाडी पळवतोय आणि इथेनॉलला शिव्या देतोय.

अनगोळचा_वहीवाला

तापली होती. चार वर्षांपूर्वी, मे महिन्यात, हिरेबागेवाडीच्या टोलजवळ. जवळच्या एका गॅरेजमध्ये दोन तासांत ठीक करून दिली होती. बिलावर फक्त ‘कूलिंग काम’ लिहिलं होतं. मी त्याला वर चहा पाजला होता.

चाकं आत्ता बघून आलो. मागचं डावं बरंच गरम आहे.

टिळकवाडीचा_आळशी

म्हणजे हे दोन्ही नीट झाल्यावर अठराचे वीस होणार, आणि काका पाचव्यांदा गोव्याला जाणार.

अनगोळचा_वहीवाला

नाही जाणार. वहीत आजपासून नवा रकाना काढलाय, महिन्याचे एकूण लिटर. मर्यादा ऐंशी. ऐंशी झाले की उरलेला महिना बस. बायकोनं साक्षीदार म्हणून सही केली आहे. दर महिन्याला इथे आकडा टाकेन, वाईट असला तरी.

पानावाले, गाडी कधी आणू?

उद्यमबाग_पाना

शनिवारी सकाळी सोडून जावा. थर्मोस्टॅट मागवून ठेवतो. मागचे ब्रेक उघडून बघायचे म्हंजे दिवस जाईल.

अनगोळचा_वहीवाला

सोडतो. पण मग तिथून घरी परत कसा येऊ?

उद्यमबाग_पाना

उद्यमबागेतनं अनगोळ, साहेब. चालत.